उलट्या पावलाचं पोस्टर

पुण्यात शनिपाराजवळच्या एका भिंतीवर माझ्या लहानपणी सिनेमाची पोस्टरं लागायची. पोस्टरवर पोस्टर, त्यावर आणखी एक. खळीनं चिकटलेल्या कागदांचा बोटभर जाड थर त्या भिंतीवर चढलेला असायचा. एका पावसाळ्यात तिथं भुताच्या सिनेमाचं पोस्टर लागलं. हिरव्या तोंडाचा राक्षस, सुळे, सुळ्यांतून रक्त, मागं पडकी हवेली. शाळेत जाता-येता आम्ही मुली त्याला जीभ काढून वेडावायचो. मग आठवडाभर झड लागली आणि कागद भिजून खालचा अर्धा भाग सोलून निघाला. राक्षसाचं कपाळ आणि डोळे तेवढे राहिले. त्यांच्याखाली, आधीच्या कुठल्या तरी घरगुती सिनेमातल्या बाईचं हसरं तोंड वर आलं. दोन्हींचे रंग वेगळे होते, मापं थोडी चुकत होती, पण डोळ्यांखाली जिथं ओठ असायला हवेत तिथंच ते आले होते. आणि हसत होते.

त्यानंतर कित्येक दिवस मी मागच्या बोळातून शाळेत गेले.

त्या पावसानं जे अजाणता केलं, ते चांगला पोस्टरवाला मुद्दाम करतो. पण हे मला डिझाइनच्या धंद्यात पडूनही बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. गेल्या वर्षी कॉलेजची काही मुलं भीतिनाट्य घेऊन आली. सुदर्शन रंगमंचावर प्रयोग होता आणि पोस्टर हवं होतं. मी जोरात कामाला लागले. लालभडक पार्श्वभूमी, मधोमध कवटी, वर रक्त ठिबकणारी अक्षरं, त्यांना उठाव यावा म्हणून सोनेरी कड. नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये प्रूफ काढलं. प्रेसवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद हातभर लांब धरला आणि विचारलं, “ताई, पत्रिका कुणाच्या लग्नाची?”

वाईट वाटलं, पण काका चुकले नव्हते.

पोस्टरची अडचण आधी समजून घेऊ. सिनेमाकडे अंधार असतो, आवाज असतो, दोन तास असतात. आधी शांतता, मग दार करकरतं, मग एकदम काहीतरी अंगावर येतं आणि आपण दचकतो. दचकायला वेळ लागतो. आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण, असे दोन तरी लागतात. पोस्टरकडे एकच क्षण असतो, तोही भर उन्हात, अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या माणसासमोर, मागून हॉर्न वाजत असताना. तिथं कवटी दाखवून कोण दचकणार? कवटी तर विजेच्या डीपीवरही असते. म्हणून पोस्टर दचकवायच्या भानगडीत पडत नाही. ते चपलेत खडा सोडतं. माणूस सिग्नल सुटल्यावर पुढं जातो आणि डेक्कनला पोचेपर्यंत तो खडा टोचत राहतो.

खडा सोडायची सगळ्यात हुकमी जागा म्हणजे चेहरा. आपला मेंदू चेहरे शोधायला इतका हपापलेला असतो की त्याला भिंतीवरच्या ओलीतही तोंड दिसतं आणि प्लगच्या तीन भोकांतही. चेहरा सापडला की पुढचं काम डोळ्यांचं. माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवतीचा पांढरा भाग ठसठशीत दिसतो. माकडांच्या बहुतेक जातींत तो गडद असतो. या पांढऱ्यामुळे समोरचा कुठं बघतोय ते आपल्याला लांबूनही कळतं. घाबरलेल्या माणसाचे डोळे विस्फारतात तेव्हा हा पांढरा भाग आणखी उघडा पडतो. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना नुसतं डोळ्यांचं हे पांढरं दाखवलं, तेही सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याहून कमी वेळ. आपण काय पाहिलं हे बघणाऱ्यांना कळलंही नाही, पण मेंदूतला अमिग्डाला नावाचा, धोक्याची दखल घेणारा भाग मात्र जागा झाला होता. पोस्टरवर किंचाळणारी बाई दिसते तेव्हा खरं काम तिचे डोळे करत असतात. तोंड उघडं आहे की मिटलेलं, हे पुष्कळदा दुय्यम असतं.

पोस्टरमधले डोळे आपला पाठलाग करतात, असं लोक म्हणतात. यात जादू नाही. समोर जिवंत माणूस असेल आणि तुम्ही बाजूला सरकलात, तर तुम्हाला त्याचा डोळा वेगळ्या बाजूनं दिसतो. कागद सपाट असतो. चित्रातलं बुबुळ डोळ्याच्या मधोमध असेल तर तुम्ही डावीकडे जा, उजवीकडे जा, ते मधोमधच राहतं. म्हणजे ते कायम तुमच्याकडेच बघतंय. देवघरातल्या तसबिरीबद्दल हेच आपण किती भक्तीनं सांगतो! तेच तंत्र, फक्त नजरेतला भाव वेगळा.

आता याच्या उलट करा, डोळे काढून घ्या. केस तोंडावर आणा, खोबणी काळ्या करा, चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत टाका. समोरचा कुठं बघतोय हेच कळेनासं होतं आणि आपल्याला ते सहन होत नाही. तोंड काढून घेतलं तरी तसंच होतं. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’चं १९९१ सालचं पोस्टर आठवा: फिकट चेहरा, सरळ रोखलेले डोळे आणि ओठांच्या जागी पंख पसरून बसलेला पतंग. पतंगाच्या पाठीवर कवटी आहे. जवळ जाऊन बघितलं तर ती कवटी नसून सात विवस्त्र स्त्रियांच्या देहांची रचना आहे. छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांनी चित्रकार साल्वादोर दालींबरोबर काढलेल्या एका जुन्या छायाचित्रातून ती घेतली आहे. लांबून एक, जवळून दुसरं. एकदा ते कळलं की पुन्हा पहिल्यासारखं बघता येत नाही.

उजेडाचं तर घरच्या घरी करून बघा. लाइट गेले की आपण लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून धाकट्या भावंडांना पिडायचो. भावंडांना माहीत असायचं की ही ताईच आहे, तरी ती रडायची. सूर्य वरून, दिवा वरून, त्यामुळे प्रकाश वरूनच येतो असं मेंदूनं गृहीत धरलेलं असतं आणि सावल्यांवरून तो चेहऱ्याचे उंचसखल भाग ओळखतो. प्रकाश खालून आला की सगळा हिशेब उलटा होतो. नाकाची सावली कपाळाकडे चढते, भुवयांखालचा खळगा उजळतो, गालांची हाडं भलतीकडेच दिसतात. नाक-डोळे तेच, पण ओळख पटत नाही. तयारीला पैसे लागत नाहीत म्हणून असेल, भयपटांच्या पोस्टरांनी ही युक्ती इतकी वापरली की आता तिची धार गेली आहे.

ओळखीचं असून ओळख न पटणं, हीच मुळात गाठ आहे. एर्न्स्ट येन्च या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं १९०६ साली मेणाच्या पुतळ्यांचं उदाहरण घेतलं होतं: समोरचं जिवंत आहे की निर्जीव, हे ठरेना की माणूस अस्वस्थ होतो. १९१९ मध्ये फ्रॉइडनं त्यावर मोठा निबंध लिहिला आणि ही भीती परक्या गोष्टीची नसून घरच्याच, दडपून टाकलेल्या गोष्टीची असते असं मांडलं. १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञानं असं मांडलं की यंत्र माणसासारखं होत जातं तसं ते आपल्याला आवडत जातं, पण जवळजवळ माणूस झालं की एकदम किळस येते. तो थोडासाच राहिलेला फरक डोळ्याला खुपतो.

आपल्याकडे यासाठी निबंध लिहायची गरज पडली नाही. भाषेतच सोय आहे. वाईट घडलं की आपण म्हणतो, ‘काहीतरी विपरीत घडलं’. विपरीत म्हणजे उलटं. आणि हडळ बघा. देखणी बाई, केस मोकळे, बोलणं गोड, सगळं जिथल्या तिथं. पाय तेवढे उलटे. तेही नऊवारीच्या काठाखाली, म्हणजे सगळ्यात शेवटी दिसणार. हडळ ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली असेल तो पहिल्या प्रतीचा डिझायनर म्हणायला हवा. शंभरातलं एकच चुकवायचं आणि ते शोधायचं काम बघणाऱ्यावर सोडायचं.

माझ्या शनिपाराच्या राक्षसात चुकवायला काही शिल्लकच नव्हतं, सगळंच चुकलेलं होतं. पण म्हणून मी त्या जातीच्या पोस्टरांना नावं ठेवणार नाही. रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) हे सिनेमे चालले त्या काळात पोस्टर म्हणजे जत्रेतल्या तंबूबाहेरचा बोर्ड असे. आत काय मिळणार ते त्यानं मोठ्यानं ओरडून सांगायचं: राक्षस आहे, हवेली आहे, किंचाळी आहे, या! ते पोस्टर घाबरवत नव्हतं, घाबरवण्याचं आश्वासन देत होतं. वेगळं काम होतं आणि ते चोख व्हायचं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुनी पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिका जपून ठेवल्या आहेत. जुनी हातानं रंगवलेली पोस्टरं नीट बघितली की कळतं, त्या चित्रकारांचा रंगांवर काय हात होता.

मात्र खडा सोडायचा असेल तर बघणाऱ्याला चित्रात कुठं उभं करायचं, हे ठरवावं लागतं. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी युक्ती हीच, आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. ‘जॉज’चं १९७५ चं पोस्टर रॉजर कॅस्टेल यांच्या चित्राचं, ते मुळात कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी काढलं होतं. वर पाण्याच्या पृष्ठभागावर एक बाई मजेत पोहतेय. खालून, कागदाचा बहुतेक भाग व्यापून, शार्क सरळ वर येतोय. त्याचा जबडा बाणाच्या टोकासारखा तिच्याकडे रोखलेला. पोहणारीला खालचं दिसत नाही. दिसतंय फक्त आपल्याला. ओरडून सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही. शार्क खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, पण ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण आपण मासा बघतच नसतो. तो आणि ती यांच्यामधलं अंतर मोजत असतो.

‘द एक्सॉर्सिस्ट’चं १९७३ चं पोस्टर बिल गोल्ड यांनी केलं. हातात बॅग घेतलेला, टोपी घातलेला एक माणूस रस्त्यावरच्या दिव्याखाली उभा आहे. समोर घर, वरच्या खिडकीतून उजेडाचा झोत त्याच्या अंगावर येतोय. बाकी अंधार आणि धुकं. राक्षस नाही, रक्ताचा थेंब नाही. आता आपली जन्माची सवय काय? दिवा लागला म्हणजे घरात कुणीतरी आपलं आहे. रात्री उशिरा वाड्यात शिरताना वरच्या मजल्यावरचा पिवळा दिवा बघून किती बरं वाटतं. या चित्रात मात्र घात त्या उजेडाच्याच खोलीत आहे आणि त्या मानानं अंधारातला रस्ता सुरक्षित आहे. अर्थाची अदलाबदल केली, बस्स. शिवाय तो माणूस आपल्याला ओळखता येत नाही, नुसती काळी आकृती दिसते. त्या रिकाम्या आकृतीत आपण स्वतःला बसवतो.

१९७९ च्या ‘एलियन’नं तर जवळजवळ अख्खं पोस्टर काळं ठेवलं. मध्ये एक अंडं, खाली तडा आणि तड्यातून हिरवट उजेड. अंडं चक्क कोंबडीच्या अंड्यासारखं आहे. सिनेमात दिसणारी अंडी निराळीच आहेत. जाहिरात म्हणून ही चूक धरायची की नाही? मी धरत नाही. सिनेमातलं अंडं परकं आहे, पोस्टरवरचं आपल्या फ्रिजमधलं आहे. ‘रोझमेरीज बेबी’च्या १९६८ च्या पोस्टरवर खडकाळ टेकाडावर एक बाबागाडी उभी आहे, तिथंही तोच डाव. बाबागाडीला कोण भिणार? पण ती तिथं कुणी ढकलत नेली?

रंगांबाबत एक गैरसमज मलाच महागात पडला होता, लाल म्हणजे भय. कुणाचं भय? आपल्याकडे लाल म्हणजे कुंकू, शालू, अक्षतांना लावलेला रंग. पानभर लाल टाकला की पत्रिकाच होणार. काका तेच तर म्हणाले. लाल भिववतो तो एकटा पडल्यावर, इतर सगळं विझलेलं असताना, आणि तोही थोडा तपकिरीकडे झुकलेला, वाळलेला. रात्रीला निळा रंग देण्यामागं मात्र शरीरशास्त्र आहे. उजेड कमी होतो तसं डोळ्यातलं रंग ओळखणाऱ्या पेशींचं काम मंदावतं आणि अंधारात काम करणाऱ्या पेशी पुढं येतात. या पेशींना लाल जवळजवळ दिसत नाही. निळं-हिरवं त्या मानानं उजळ दिसतं. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात फुलं बघताना हे टिपलं. पुण्यात मे महिन्यात कुठल्याही गुलमोहराखाली उभं राहा. दुपारी पेटलेली फुलं दिवेलागणीला काळी पडतात आणि पानं अजून दिसत असतात. पोस्टरमधला निळसर-हिरवा काळोख आपल्याला त्या वेळेत नेऊन सोडतो.

अक्षरांबद्दल बोलायला मला कितीही जागा पुरणार नाही. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली शिरोरेघेला लटकलेली. त्यामुळे ‘रक्त ठिबकणारी अक्षरं’ देवनागरीत फार सहज होतात, आणि सहज होतात म्हणूनच हास्यास्पद दिसतात. प्रत्येक अक्षर आधीच लोंबतंय, त्याला आणखी काय लोंबवायचं? त्यापेक्षा शिरोरेघेशी खेळावं. ‘वाडा’ हा शब्द घ्या. साध्या, शाळेच्या पुस्तकातल्या वळणात लिहा आणि ‘वा’ आणि ‘डा’ यांच्यामध्ये शिरोरेघ केसाएवढी तोडा. वाचणाऱ्याला शब्द कळतो, पण डोळा तिथं अडखळतो. किंवा रेघ शब्द संपल्यावरही थोडी पुढं जाऊ द्या, जणू अजून एक अक्षर यायचं होतं. विलायती भयपटांची कितीतरी शीर्षकं बारीक, शांत, खूप मोकळं अंतर सोडलेल्या अक्षरांत असतात. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर तसं वाढवलं तर रेघ तुटून शब्दच विस्कटतो. त्यामुळे ती युक्ती उचलून इथं चिकटवता येत नाही.

कधी कधी डिझाइन न करणं हेच डिझाइन असतं. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’साठी १९९९ साली सिनेमातले तिघं बेपत्ता असल्याचे कागद लावले गेले होते. स्टेशनवरच्या खांबावर ‘हरवले आहेत’चा कागद आपण बघतो ना, धुरकट फोटो, खाली वर्णन? त्याला कुणी पोस्टर म्हणत नाही, म्हणून त्यावर अविश्वासही दाखवत नाही.

फोनमुळे आता पोस्टर नखाएवढं झालंय. तिथं ‘एक्सॉर्सिस्ट’चं धुकं नुसता डाग दिसेल. त्यामुळे पुन्हा मोठे चेहरे, मोठे डोळे. असो.

तर माझं पोस्टर. लाल काढला, कवटी काढली. नाटक एका घरातच घडतं, म्हणून घरचंच काहीतरी हवं होतं. गौरी येतात तेव्हा आपण दारापासून आत पावलं उमटवतो. वळलेल्या मुठीची कड पिठात बुडवायची, फरशीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके. मी आमच्या माजघरात तशी सात पावलं काढली आणि आतल्या बाजूनं, खाली बसून, दाराच्या दिशेनं फोटो घेतला. दार उघडं, बाहेर काळोख. पहिली तीन पावलं नेहमीसारखी, बोटं आपल्याकडे. चौथ्यापासून बोटं दाराकडे, टाच आपल्याकडे; पण पावलं मात्र पुढंच येत राहतात. सातवं कागदाच्या खालच्या कडेला अर्धं कापलेलं. म्हणजे चालणारं जे काही आहे, ते आता बघणाऱ्याच्या पायाशी आहे. चेहरा कुठंच नाही. शीर्षक वर, लहान. त्यातला अनुस्वार तेवढा कुंकवाचा.

फोटो झाल्यावर आईनं पावलं बघितली. “असलं काही घरात काढायचं नसतं,” एवढंच म्हणाली आणि मी कॅमेरा ठेवेपर्यंत तिनं ओलं फडकं फिरवलंसुद्धा. तेव्हाच मला वाटलं, जमलंय.

प्रेसमध्ये काळ्यावरून बराच खल झाला. नुसत्या काळ्या शाईत छापलेला मोठा काळा भाग करडा दिसतो, पाटीसारखा. दारातला अंधार खोल दिसायचा तर काळ्याखाली इतर शाया द्याव्या लागतात. सायन म्हणजे निळा जास्त दिला तर काळा थंड होतो, मजेंटा म्हणजे गुलाबीसर लाल जास्त दिला तर उबदार. मला थंड हवा होता. पण चारही शायांची बेरीज तीनशे टक्क्यांच्या पुढं गेली की कागद वाळत नाही आणि वर पडणाऱ्या कागदाच्या पाठीला शाई लागते. शेवटी साठ टक्के सायन, चाळीस-चाळीस मजेंटा आणि पिवळा, काळा शंभर, असं ठरलं. लॅमिनेशन मॅट. ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते आणि काळ्या भागात बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. तेही काही कमी भीतिदायक नाही म्हणा, पण मला ते नको होतं.

अठरा बाय तेवीसचं पहिलं प्रूफ काकांनी टेबलावर पसरलं. चष्मा कपाळावर सरकवला. या वेळी कागद लांब धरला नाही. वाकून बघत राहिले, मग बोटानं एकेक पाऊल मोजत दारापासून खाली आले. चौथ्यावर थांबले. परत दारापासून मोजलं. सातव्यापर्यंत बोट आलं आणि टेबलाच्या कडेशी थबकलं. काकांनी स्वतःच्या चपलांकडे बघितलं, मग प्रूफ उचललं, पालथं करून गठ्ठ्यावर ठेवलं.

“दोनशे कॉप्या ना?” त्यांनी विचारलं. “उद्या सकाळी लावतो मशीनवर. आज रात्री इथं मी एकटाच आहे.”